नवी क्रूझर बाइक कमी वेगात थरथरते, हिसके देते: पाना उचलण्याआधी काय बघायचं

तिसरा गिअर, वेग ताशी २५, पुढे रिक्षा, अ‍ॅक्सिलरेटरची मूठ जेमतेम उघडलेली. आणि गाडी आपल्या मनानंच पुढे ओढते, सोडते, परत ओढते. फुटरेस्टवर पाय झिणझिणतात, आरशात मागच्या एका बसच्या दोन दिसतात. गाडी घेऊन जेमतेम महिना झालेला असतो. गॅरेजमध्ये नेली की पहिला उपाय ठरलेला: आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनच्या किमान फेऱ्यांचा, स्क्रू थोडा आवळून द्यायचा. दोन दिवस बरं वाटतं. मग दुखणं तेच, शिवाय सिग्नलला गाडी उगाच चढ्या आवाजात उभी राहते आणि पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो.

या उपायात चूक अशी की तक्रार नेमकी कोणती, हे कुणी विचारलेलंच नसतं. ‘व्हायब्रेशन’ या एका शब्दाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. थरथर म्हणजे हँडल, सीट, फुटरेस्टमधून येणारं बारीक, सलग कंपन. हिसका म्हणजे मूठ उघडता-मिटताना बसणारा एकेक धक्का, बहुतेकदा ‘टक्’ आवाजासकट. आणि ओढ-सोड म्हणजे मूठ एका जागी धरलेली असताना गाडीचा वेग आणि इंजिनचा आवाज दोन्ही लाटेसारखे वरखाली होणं. थरथर बहुधा इंजिनच्या चालीतून किंवा ढिल्या बोल्टमधून येते. हिसका बहुधा चेन आणि मागच्या हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, येतो. खरी ओढ-सोड मात्र हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांच्या हिशेबातली असते. तिघांची औषधं वेगळी.

आधी रस्त्यावर, मग गॅरेजात

या तपासणीला हत्यार लागत नाही, पंधरा मिनिटं लागतात. आधी थंड टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा भरा, कारण कमी हवेचा टायर निम्म्या चाचण्यांना खोटी उत्तरं देतो. इंजिन दहा मिनिटं चालवून गरम करा आणि सकाळचा रिकामा, सरळ, सपाट रस्ता निवडा.

गाडी उभी, न्यूट्रल. मूठ हळूहळू उघडत जा. थरथर एखाद्या ठरावीक आवाजाला उभ्या जागीच येत असेल तर चाक, टायर, चेन यांचा संबंध संपला. मामला इंजिन, त्याचे बोल्ट किंवा इंजिनला टेकलेल्या कुठल्यातरी भागाचा आहे.

आता चालत्या गाडीवर. ज्या वेगाला त्रास होतो त्याच वेगाला एक गिअर खाली घ्या. वेग तोच, पण थरथर गेली किंवा तिचा पोत बदलला, तर ती इंजिनच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे. गिअर बदलूनही त्याच वेगाला तशीच राहिली तर चाक, टायर, रिम बघा. खात्रीसाठी त्याच वेगाला क्लच पूर्ण दाबा आणि गाडी आपसूक घरंगळू द्या. क्लच दाबताच त्रास थांबला तर चाकं निर्दोष.

हिसके आणि ओढ-सोड यांच्यातला फरक शोधायला दोन युक्त्या आहेत. पहिली हाताची. क्रूझरवर हात लांब, पाय पुढे, त्यामुळे खड्ड्यात धड मागेपुढे झालं की मनगट नकळत मूठ उघडतं-मिटतं. गाडी उसळली की हात मागे, मूठ उघडली. गाडी पळाली की धड मागे, मूठ आणखी उघडली. हा फेरा एकदा सुरू झाला की गाडीतच दोष आहे असं वाटतं. म्हणून उजव्या हाताचा अंगठा स्विचच्या डबीवर टेकवा, दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर नुसती ठेवा आणि मनगट जखडून परत तोच पट्टा चालवा. निम्मे हिसके इथेच थांबले तर पैसे वाचले.

दुसरी युक्ती मागच्या ब्रेकची. मूठ तशीच ठेवून मागचा ब्रेक अगदी हलका, पाच-सात सेकंद, लावून धरा. ब्रेकच्या ओझ्यामुळे चेनचा वरचा पदर ताणलेला राहतो. हिसके गायब झाले तर दोष चेनच्या ढिलाईत किंवा हब रबरात, म्हणजे मागच्या हबमधल्या धक्के झेलणाऱ्या रबरी तुकड्यांत, आहे. ब्रेक लावूनही इंजिनचा आवाज लाटेसारखा चढत-उतरत राहिला, तर ती खरी ओढ-सोड. ब्रेक फार वेळ दाबून धरू नका, डिस्क तापते.

क्रूझर दिसते म्हणून रेटू नका

नव्या गाडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त तक्रारी इथेच सुटतात, आणि मालकाला हे ऐकायला सगळ्यात कमी आवडतं.

एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतं. १२०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांना, सेकंदाला दहा धक्के. ३००० आरपीएमला पंचवीस. दोन धक्क्यांमधली पोकळी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमधल्या जड फिरत्या चाकाच्या, वजनानं भरून निघते, पण फेरे जितके कमी आणि ओझं जितकं जास्त तितकी पोकळी मोठी. वरच्या गिअरवर कमी वेगात मूठ उघडली की प्रत्येक धक्का चेनला ताणतो, पोकळीत चेन सैल पडते, पुढच्या धक्क्याला परत ताणली जाते. हाच तो घरघराट. याला दुरुस्ती नाही, गिअर खाली घेणं आहे.

सगळ्या क्रूझर सारख्या रेटत नाहीत. रॉयल एनफील्डची मीटिअर ३५० नोव्हेंबर २०२० मध्ये आली. तिचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८५.८ मिमी, म्हणजे लाँग स्ट्रोक. २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४००० आरपीएमलाच मिळतो आणि आत थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्टही आहे. पुण्याच्या बजाजची अ‍ॅव्हेंजर २२० दिसायला तशीच आरामशीर, पण तिचं इंजिन पल्सर २२०च्या घराण्यातलं. बोअर ६७ मिमी, स्ट्रोक ६२.४ मिमी, आणि साडेसतरा न्यूटन-मीटरच्या आसपासचा कमाल टॉर्क ७००० आरपीएमला. बसायची ऐट क्रूझरची, स्वभाव फिरत्या इंजिनचा. मीटिअर ज्या आवाजाला मुकाट्यानं ओढते त्या आवाजाला अ‍ॅव्हेंजर कुरकुरते, आणि तो तिचा दोष नव्हे. तिसरी सेकंडहँड बाजारातली: जुनी थंडरबर्ड ३५०. ७० गुणिले ९० मिमीचं यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं) इंजिन, बॅलन्सर शाफ्ट नाही. ती थोडी थरथरणारच. तिला मीटिअरसारखी करून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊ नका.

यातल्या बऱ्याच गाड्यांवर आरपीएमचा काटा नसतो, म्हणून आपला तक्ता आपणच करायचा. सपाट रस्त्यावर दुसऱ्या गिअरवर वेग हळूहळू कमी करा, मग मूठ पाव भाग उघडा. ज्या कमीत कमी वेगाला गाडी न घरघरता उचलते तो आकडा लक्षात ठेवा, त्यात ताशी ५ किलोमीटर मिळवा. तो त्या गिअरचा तळ. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्यासाठी हेच करा. हे एकट्यानं आणि मागे माणूस बसवून, दोन्ही वेळा करा. डबलसीट तळ वर सरकतो, घाटात आणखी वर. ताशी ३५ला पाचवा टाकून ‘अ‍ॅव्हरेज’ वाचवणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो: घरघरणाऱ्या इंजिनला त्याच वेगासाठी मूठ जास्त उघडावी लागते.

रनिंग-इनच्या काळात, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत, तर हे जास्तच पाळायचं. नवी गाडी हळू चालवा एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, आणि मग ती वरच्या गिअरवर रखडत चालवली जाते. नव्या पिस्टन रिंगांना आणि बेअरिंगांना मोकळेपणानं फिरणारं, हलक्या ओझ्याचं इंजिन चालतं. कमी फेऱ्यांवर जोर लावलेलं इंजिन नाही.

चालण्याच्या वेगाला, म्हणजे पार्किंगमध्ये, यू-टर्नला किंवा मिरवणुकीमागे अडकल्यावर, पहिल्या गिअरवरही कुठलीच क्रूझर पूर्ण सोडलेल्या क्लचवर नीट चालत नाही. तिथे अर्धा क्लच धरा, मूठ किंचित उघडी आणि स्थिर ठेवा, आणि वेग मागच्या ब्रेकनं आवरा. क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो, एवढ्यानं तो जळत नाही. चढावर मिनिटभर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरलीत तर मात्र जळेल.

चेन: इथे घाई नको

ढिली चेन म्हणजे मूठ आणि चाक यांच्यामधली मोकळी जागा. मूठ उघडली की आधी ती जागा भरते, मग ‘टक्’, मग गाडी हलते. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये पिन आणि बुश एकमेकांत बसताना पटकन सैल होते. शोरूममधून निघाली तेव्हा बरोबर होती याला पाचशे किलोमीटरनंतर अर्थ नाही.

गाडी मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल त्याच स्टँडवर लावा. साइड स्टँडवर मोजायला सांगितलं असेल आणि तुम्ही मधल्या स्टँडवर मोजलं तर आकडा बदलतो, कारण मागचं चाक लोंबकळलं की स्विंगआर्मचा, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो. न्यूट्रल. चेनच्या खालच्या पदराच्या मध्यावर, दोन्ही स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) बरोबर मधोमध, पट्टी उभी धरा आणि बोटानं चेन वर-खाली करा. वरचं टोक आणि खालचं टोक यातलं अंतर म्हणजे ढिलाई. या वर्गातल्या गाड्यांना साधारण २५ ते ३५ मिमी चालतं, पण तुमच्या चेनगार्डवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरचा आकडा खरा मानायचा. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. चाक पाव-पाव फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी २५ आणि दुसऱ्या जागी ४० येत असेल तर चेन असमान ताणली आहे, आणि ती कितीही आवळली तरी गाडी चाकाच्या फेऱ्यागणिक हिसका देणार. नव्या गाडीत असं आढळलं तर वॉरंटीत दाखवा. जुन्या गाडीत चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. नव्या चेनला झिजलेले दात लावले की ती महिन्यांत जुनी होते.

आवळताना आधी एक्सलचा नट सैल करा, पूर्ण काढू नका. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवा, एका वेळी पाव फेरी. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्ही बाजूंना एकाच रेषेवर आल्या पाहिजेत. खुणांवर डोळे मिटून विश्वास नको, मागून बघून चेन स्प्रॉकेटवर सरळ उतरते ना तेही पाहा. मग एक जुनी चिंधी गोळा करून चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये दाबा आणि चाक मागे फिरवा. चाक पुढे ओढलं जाऊन अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकतं. त्याच अवस्थेत एक्सलचा नट टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. चिंधी काढा, ढिलाई परत मोजा, कारण नट आवळताना ती हमखास बदलते. शेवटी मागचा ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा. हे सगळं इंजिन बंद असताना. चालू इंजिनवर फिरती चेन पुसताना बोटं गेलेली माणसं कमी नाहीत.

जास्त आवळणं हे ढिलाईपेक्षा वाईट. गाडीवर माणूस बसला की स्विंगआर्म वर येतो, पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेनला सगळ्यात जास्त ताण पडतो. तेव्हा ढिलाई उरलीच नाही तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो, आणि तेव्हाही कमी वेगात चक्क थरथर जाणवते. आवळून झाल्यावर कुणाला तरी सीटवर बसवून एकदा खालचा पदर हलवून बघा.

चेन बरोबर असूनही ‘टक्’ राहिलं तर हब रबर बघा. मागचं चाक उचलून पहिला गिअर टाका आणि चाक हातानं पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट स्थिर राहून चाक ठळकपणे फिरत असेल तर हबमधली रबरं दबली आहेत. नव्या गाडीत हे क्वचितच, सेकंडहँडमध्ये नेहमीचं. रबरं स्वस्त असतात, चाक काढायचा खटाटोप तेवढा.

सेकंडहँड गाडीत आणखी एक गंमत असते. आधीच्या मालकानं ‘टॉप वाढवायला’ पुढचं स्प्रॉकेट एका दातानं मोठं बसवलेलं असतं. १४ च्या जागी १५ म्हणजे प्रत्येक गिअर साधारण सात टक्के लांब झाला, आणि कमी वेगातली घरघर तितकीच वाढली. झाकण काढा, दात मोजा, मॅन्युअलशी ताडा.

मुठीची आणि क्लचची वायर

मुठीच्या वायरला मोकळी हालचाल फार असली तरी हिसका, अजिबात नसली तरी घोळ. मुठीच्या कडेवर मोजलेली २ ते ४ मिमी मोकळी हालचाल बहुतेक गाड्यांना पुरते. मग इंजिन चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. आयडलिंग चढलं तर वायर कुठेतरी ताणते आहे: चुकीच्या बाजूनं ओवलेली, किंवा उंच हँडल बसवताना तोकडी पडलेली. यू-टर्नला गाडी अचानक पळते ती अशी, आणि हे धोक्याचं आहे, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. मूठ सोडल्यावर ती खटकन मिटली पाहिजे. जाड ग्रिप बसवताना आतून गोंद सांडलेला असला तर ती अडखळते.

क्लचच्या लिव्हरला बुडाशी २ ते ३ मिमी मोकळीक हवी. गाडी सोडताना थडथड होते आणि एकदा सुटली की नीट चालते, असं असेल तर इंजिन ऑइल कोणतं घातलंय ते विचारा. बाइकला जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए-२ दर्जाचं तेल लागतं. चारचाकीच्या काही तेलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लचच्या प्लेटा घसरतात.

खरी ओढ-सोड

मूठ एका जागी, हात जखडलेला, मागच्या ब्रेकनंही फरक नाही, आणि तरी ताशी ३० ते ५० मध्ये कुणी मागून धरून सोडल्यासारखं होतं. हे जवळजवळ नेहमी मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त असल्याचं लक्षण. मूठ थोडीच उघडी असते तेव्हा सिलिंडरमध्ये नव्या मिश्रणात जुना धूर पुष्कळ मिसळलेला असतो. अशात मिश्रण पातळ असलं की काही ठिणग्यांना ते नीट पेटत नाही. जोर जातो, पुढच्या ठिणगीला परत येतो. मूठ मोठी उघडली की गाडी सरळ पळते, म्हणून टेस्ट राइड घेणाऱ्याला काहीच सापडत नाही.

थंड गाडीवर त्रास कमी आणि गरम झाल्यावर जास्त, हे पातळ मिश्रणाचं आणखी एक चिन्ह. थंडपणी चोक किंवा इंजेक्शनचा कंप्युटर जादा पेट्रोल देत असतो.

सुरुवात स्पार्क प्लगपासून. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा. टोक पांढरंफटक म्हणजे मिश्रण पातळ, कोरडं काजळ म्हणजे जाड, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. हल्लीच्या पेट्रोलवर रंग फिका येतो, फार काथ्याकूट करू नका. फट फीलर गेजनं (पातळ पट्ट्यांच्या मापानं) मोजा. ०.७ ते ०.८ मिमी बहुतेकांना चालते. बसवताना आधी हातानंच पूर्ण फिरवा, मग पान्यानं नवा प्लग अर्धी फेरी, जुनाच असेल तर सुमारे एक-अष्टमांश. अ‍ॅव्हेंजर २२०ला एकाच सिलिंडरमध्ये दोन प्लग आहेत, आणि फसवणूक इथेच होते. त्यातला एक मेला तरी गाडी सुरू होते, पळते, फक्त कमी वेगात उखडून चालते. दोन्ही बघा. मेकॅनिक सोपा, समोर दिसणारा एक काढून ‘प्लग चांगलाय’ म्हणतो. चालू इंजिनवर प्लगची टोपी उपटून तपासू नका. झटकाही बसतो आणि कॉइललाही ते मानवत नाही.

मग चोरून येणारी हवा. कार्बोरेटर किंवा (इंजेक्शनच्या गाडीत) थ्रॉटल बॉडी आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं रबर आणि त्याची क्लॅम्प ही मुख्य जागा. आयडलिंगवर बाटलीतून त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर बदलला तर सांधा गळतोय. लोक यासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. तो पेट घेतो आणि सायलेन्सरचा बेंड पाइप वीतभर अंतरावर तापलेला असतो. पाण्यानं काम होतं.

सायलेन्सर आणि हेड यांच्यामधली गास्केटही बघा. मूठ मिटल्यावर फट्-फट् होत असेल तर तिथून हवा आत ओढली जात असण्याची शक्यता मोठी. बीएस-६ या धूर-नियमांच्या गाडीत याचा परिणाम दुहेरी. ती हवा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, कंप्युटर पेट्रोल वाढवतो, परत कमी करतो, आणि गाडी झुलत राहते. बाजारातला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेली सेकंडहँड गाडी घेतली असेल तर बाकी काही शोधण्याआधी मूळ सायलेन्सर बसवा. पोलिसांचा दंडही वाचेल.

पेट्रोलचं काय? २० टक्के इथेनॉल असलेलं ई-२० आता जवळपास सगळ्या पंपांवर आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त पेट्रोल लागतं: शुद्ध पेट्रोलला वजनानं १ भागास १४.७ भाग हवा, तर ई-२० ला सुमारे साडेतेरा. सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी हा फरक स्वतः भरून काढते. कार्बोरेटरला डोकं नसतं. तो ठरलेल्या भोकातून तेवढंच पेट्रोल देतो. अ‍ॅव्हेंजर २२०ला इंजेक्शन बीएस-६ सोबत २०२० मध्ये आलं. त्याआधीची गाडी मिश्रणात थोडी पातळ चालणार हे गृहीत धरा. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पावसाळ्यात महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिलेली गाडी उखडत असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा, मग पुढचं बघा.

कार्बोरेटरवाल्या गाडीत सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार पायलट जेट, म्हणजे स्लोचा जेट. त्याचं भोक केसाएवढं बारीक, आणि कमी उघड्या मुठीला इंजिन त्याच्याच भरवशावर असतं. तो काढून क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ करा. तार खुपसू नका. भोक मोठं झालं की कार्बोरेटर कायमचा बिघडला. मिश्रणाच्या स्क्रूला हात लावण्याआधी तो किती फेऱ्यांत आत हलका टेकतो ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे परतीचा रस्ता राहतो. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढला की मिश्रण जाड होतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उलट. हे न बघता फिरवणारे पुष्कळ. एका वेळी पाव फेरी, मग रस्त्यावर चाचणी. स्क्रूवर टोपण ठोकून बंद केलेलं असेल तर ते उचकटू नका, जेट साफ करण्यापुरतंच थांबा. व्हॅक्यूमवर चालणारा कार्बोरेटर असेल तर आतला रबरी पडदा उजेडासमोर धरून बघा. टाचणीएवढ्या छिद्रानंही गाडी झुलते.

इंजेक्शनच्या गाडीत घरी करण्यासारखं थोडं. चावी फिरवल्यावर पंपाची घरघर थांबेपर्यंत थांबून मग स्टार्टर दाबा. इंजिनचा दिवा पेटलेला राहिला तर बिघाडाचा कोड वाचून घ्या. थ्रॉटल बॉडीवरच्या रंग लावलेल्या स्क्रूंना हात लावू नका. कारखान्यातली सेटिंग त्यावर असते, आणि एकदा हलली की अंदाजानं परत बसत नाही. एअर फिल्टर मात्र बघाच.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट ठरवणारा सांधा, हा नव्या गाडीचा दुर्लक्षित भाग. व्हॉल्व्ह आपल्या जागेवर बसताना सुरुवातीच्या किलोमीटरांत फट कमी होत जाते. फारच कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि त्याचा त्रास सगळ्यात आधी आयडलिंगला आणि कमी वेगाला दिसतो. साधारण ५०० ते ७५० किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसला टॅपेट खरोखर मोजले का, की नुसतं ऑइल बदललं, हे विचारा. ते थंड इंजिनवर मोजायचे असतात. गाडी दिल्यापासून अर्ध्या तासात ‘टॅपेट सेट झाले’ म्हणाले तर काय समजायचं ते समजा. जुन्या यूसीई थंडरबर्डला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबानं आपोआप जुळणारे) टॅपेट आहेत, तिला ही सेटिंग नाही.

थरथर उरली तर

उभ्या गाडीवर येणारी थरथर शोधताना आधी ज्या गोष्टी शोरूमबाहेर बसवल्या त्या बघा. बऱ्याच गाड्यांना क्रॅश गार्ड इंजिनच्याच बोल्टवर बसवतात. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातला पोरगा मूळ बोल्ट काढून लांब बोल्ट घालतो आणि अंदाजानं आवळतो. थंड इंजिनवर, मॅन्युअलच्या टॉर्कनं, सगळे इंजिन बोल्ट तपासा. आधी सगळे हलके बसवून मग एकेक पूर्ण आवळा, नाहीतर इंजिन तिरकं जखडतं आणि थरथर वाढते. सायलेन्सरची क्लॅम्प, सॅडल स्टे (बॅगांचा आधार), नंबरप्लेट, चेनगार्ड यांना चालू इंजिनवर एकेक करून हातानं दाबून बघा. हात भाजणार नाही याची काळजी घ्या. दाबल्यावर आवाज थांबला तो चोर.

हँडलच्या टोकाची वजनं शोभेची नसतात. ती हँडलची थरथर दाबतात. आरसे टोकाला बसवण्यासाठी ती काढून टाकली असतील तर परत लावा.

सर्व्हिस सेंटरला सांगताना

‘गाडी व्हायब्रेट होते’ असं जॉबकार्डवर लिहिलंत तर ‘चेक केलं, ओके’ असंच परत येईल. लिहायचं ते असं: ‘इंजिन गरम, तिसरा गिअर, ताशी ३०, मूठ स्थिर, आवाज चढतो-उतरतो. क्लच दाबला की थांबतं. चेन २८ मिमी, मोजून पाहिली.’ फोनवर मीटर दिसेल असा व्हिडिओ मागे बसलेल्यानं काढलेला असू द्या. गाडी गरम अवस्थेत नेऊन सुपरवायझरला स्वतः चालवायला द्या, तुम्ही मागे बसा. निदान तुम्ही सांगू नका, लक्षण सांगा. ‘कार्बोरेटर साफ करा’ म्हटलंत तर ते तेवढंच करून बिल देतील.

एका वेळी एकच गोष्ट बदलून घ्या आणि प्रत्येक वेळी त्याच रस्त्यावर, त्याच गिअरवर, तितक्याच गरम गाडीवर तपासा. चेन, प्लग आणि स्क्रू एकाच दिवशी बदलले की गाडी सुधारली तरी कशानं ते कळत नाही, आणि तीन महिन्यांनी तोच हिसका परत आला की शोध पहिल्यापासून सुरू होतो.